विभाकाकूंचा तिसरा अंक

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ज्याला त्याला आपल्याच परसात भूत पाहिजे असतं, आणि तेही पांढऱ्या लुगड्यातलं. मी सांगते ती गोष्ट तशी नाही. ती आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या विभाकाकूंची आहे, आणि विभाकाकू चांगल्या जित्याजागत्या होत्या. दोन वेळा स्वयंपाक करायच्या, मराठी मंडळाच्या बालवाडीत शिकवायच्या, भाजीवाल्याशी हिंदीत कडाकडा भांडायच्या. पण त्यांच्या खोलीत आणखी काहीतरी होतं. त्याला काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही, तुम्हीच बघा.

काकूंचं माहेर शहपुऱ्याचं, वडील तिथं पोस्टमास्तर. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशा त्या वाढल्या. रागावल्या की दोन्ही भाषा एकदम निघायच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या त्या श्रीकांत डबीरांच्या घरी. श्रीकांतकाका कारखान्यात होते, तोफगोळ्यांत दारू भरतात त्या विभागात. तिथं आत जाताना जोडे बाहेर, अंगठी बाहेर, कपड्यांना खिसा नाही, आणि काडेपेटीचं तर नावच नको. बायका घरी कामं करत असायच्या, पण पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत त्यांचा एक कान तिकडेच असायचा.

कारखान्यातून सुटले की काका थेट मंडळाच्या हॉलमध्ये, तालमीला. नाटकाचं वेड म्हणजे किती असावं? चेहरा राजबिंडा, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंनाही ऐकू जावा, आणि पाठांतराच्या नावानं बोंब. चार ओळी डोक्यात राहतील तर शपथ. म्हणून काकू डाव्या विंगेत प्रॉम्प्टिंगला बसायच्या. घरी नवऱ्याकडून घोकून घेता घेता त्यांचंच सगळं नाटक पाठ व्हायचं, पुरुषांचं बोलणं, बायकांचं बोलणं, अगदी दारावरच्या पोस्टमनचंसुद्धा. त्या हळूच वाक्य द्यायच्या, काका ते उचलायचे, मग पुढचं येईपर्यंत थांबायचे. लोक म्हणायचे, "डबीर काय थांबतात हो, काय अभिनय आहे!" कसला अभिनय? बायको पुढची ओळ देईपर्यंत माणूस उभा असायचा.

आता बिल्ल्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यानंच झालं. कारखान्यात प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असे. आत जाताना तो फाटकाजवळच्या फळ्यावर टांगायचा, तीच हजेरी. नाटकाचे दिवस आले की मंडळातले लोक एकमेकांचे बिल्ले घेऊन आत जात. याची तालीम असली की त्यानं याची पाळी करायची, त्याची असली की यानं. सगळ्यांचे कपडे सारखे, काम सारखं, आणि मुकादम स्वतः मंडळात तबला वाजवायचा, तो कशाला बोलतो? सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पासष्ट साली मंडळानं नवीन नाटक घेतलं होतं. आमच्याच नीलकंठ मास्तरांनी लिहिलेलं, हाताने लिहिलेली एकच प्रत. त्याला नाव होतं, पण मी ते घेत नाही. आमच्याकडे अजून कोणी घेत नाही. पहिल्या अंकात रेल्वेतला एक गार्ड घरातून कामावर निघतो. दुसऱ्या अंकात त्याची बायको त्याची वाट बघते, आणि तो घरातच वावरत असतो. तिच्याशी बोलतो, खुर्चीत बसतो, पण तिच्याशिवाय कोणी त्याच्याकडे बघत नाही. तिसऱ्या अंकात त्याचा मित्र दारात येतो. पुढं काय होतं ते आम्हा पोरांना माहीत नव्हतं, कारण तिसऱ्या अंकाची तालीम कधी झालीच नाही. गार्ड म्हणजे श्रीकांतकाका, आणि मित्राचं काम मुरलीधरकाकांकडे. दोघं एकाच विभागात, आणि लहानपणापासूनचे दोस्त.

लढाई लागली. दिवे बंद ठेवायचे, काचांना काळे कागद, गणपतीतलं नाटक पुढं ढकलून कोजागिरीवर नेलं. कारखान्यात रात्रंदिवस काम. पितरांचे दिवस सुरू होते. त्या दिवशी श्रीकांतकाकांची सुट्टी होती. ते डबा घेऊन आणि नाटकाची प्रत पिशवीत घालून निघाले. तालमीला की कोणाच्या पाळीवर, ते काकूंनी विचारलं नाही. रोजचंच होतं, काय विचारायचं? मी तेव्हा शाळेत होते. दुपारी वर्गाची तावदानं थरथरली, आणि बाईंचा खडू हातातच राहिला. गावातली सगळी माणसं एकाच दिशेला पळत होती.

दारू भरायची ती इमारत राहिलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत फळ्यावरचे बिल्ले आणि फाटकाशी उभी असलेली माणसं यांचा ताळा झाला. मुरलीधरकाकांचा बिल्ला फळ्यावर होता, आणि ते स्वतः फाटकाशी उभे होते. नळावर पाणी प्यायला गेलो होतो म्हणून वाचलो, असं त्यांनी सांगितलं. श्रीकांतकाकांचा बिल्ला फळ्यावर नव्हताच, म्हणजे ते आत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावापुढे गैरहजर लागलं. आतून जे मिळालं ते ओळखण्यासारखं नव्हतं, ते सगळं एकत्रच ग्वारीघाटावर दहनाला नेलं. श्रीकांतकाका घरी आले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

बाजारात बोलायला काय जातं? "डबीर भाग गया, लड़ाई से डर गया." कोणी म्हणे, कटनीला बाई ठेवली आहे. मंडळातली माणसं मात्र खाली मान घालून बसायची. प्रत्येकाला शंका होती, आणि प्रत्येकानं कधी ना कधी दुसऱ्याच्या बिल्ल्यावर पाळी केलेली. एकानं तोंड उघडलं की सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. मग कोण उघडतो? नीलकंठ मास्तर पुढच्याच वर्षी बदली मागून निघून गेले.

कारखान्याचं घर सुटलं, आणि काकू मदन महालला आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. त्यांच्या कपाळी कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांची काय पंचाईत व्हायची! करंडा हातात घेऊन काकूंच्या पुढं आल्या की बोट हवेतच थांबायचं. लावावं तर कसं आणि न लावावं तर कसं? काकू कपाळ पुढं करून बसायच्या, मुकाट्यानं. आमची आई तेवढी सरळ पुढं होऊन लावायची. मुरलीधरकाकांच्या घरून तर काकूंना बोलावणंच यायचं नाही. त्यांच्या बायको, बेबीकाकू, पोरीच्या हातून तिळगूळ पाठवून मोकळ्या व्हायच्या.

मुरलीधरकाका स्वतः मात्र सारखे यायचे. काकूंचा नळ गळला की हे पान्हा घेऊन हजर, सिगडीचे कोळसे आणायला हे, थंडीत मटार निघाले की थैलीभर मटार ओट्यावर ठेवून जायचे. आत कधी बसले नाहीत, काकूंच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं, मी तरी काय जगावेगळी होते?

आणि मग ते आवाजाचं. आमच्या स्वयंपाकघराची आणि काकूंच्या खोलीची भिंत एकच होती. दिवेलागणीला मी भांडी घासत असले की पलीकडून काकूंचा आवाज यायचा. एक वाक्य, हलक्या आवाजात, विंगेतून द्यावं तसं. मग त्या थांबायच्या, एखादा माणूस तेच वाक्य मोठ्यानं म्हणेल इतका वेळ. मग पुढचं वाक्य. पहिला अंक, दुसरा अंक, आणि पुन्हा पहिला. तिसरा कधीच नाही. एकदा मी भिंतीला कान लावला. त्या थांबण्यात कोणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, छाती भरून. मी माझ्या वडिलांना, आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "उंदीर असेल." उंदीर इतका मोठा श्वास घेतो होय? त्यानंतर कित्येक दिवस मी दिवेलागणीच्या आधीच भांडी उरकत होते.

अशी सहा वर्षं गेली. एकाहत्तर साल आलं. पुन्हा लढाईची हवा, कारखान्यात पुन्हा डबल पाळ्या, काळे कागद पुन्हा दुकानांत. मी आणि पद्मजा तेव्हा कॉलेजात होतो. पद्मजा म्हणजे मुरलीधरकाकांची मुलगी, माझी पहिलीपासूनची मैत्रीण, डोक्यानं तेज आणि हट्टानं त्याहून. कॉलेजात नाटकाचा एक नवा वर्ग निघाला होता. शिकवायला शालिग्राम सर होते, मोठे गोड माणूस, फक्त हिंदीत बोलायचे. त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. प्रत्येकानं एक नाटक निवडायचं, त्याच्या नेपथ्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं, आणि त्यातला एक अंक बसवून दाखवायचा. कोणीतरी विचारलं, सर, नाटक निवडायचं कसं? सर म्हणाले, "जो नाटक तुम्हारा पीछा न छोड़े, वही चुनो."

घरी येताना पद्मजा म्हणाली, "माझं ठरलं. मी तेच करणार."

"तेच म्हणजे?"

"तेच. बाबांबरोबर तालमीला जात होती मी. दोन अंक पाहिले. तिसऱ्यात काय होते ते आजपर्यंत कोणीच सांगून नाही राहिलं. माझ्या डोक्यातून जातच नाही ते."

"वेडी झाली का तू? दुसरी नाटकं मेली का सगळी?"

"काहून? नाटकच तर आहे."

तिला हसावं की रडावं कळेना मला. पण ती ऐकते थोडीच. चार दिवसांत तिनं मॉडेल केलं. गार्डाची खोली, एक दार, एक खिडकी, एक खुर्ची, अगदी मंडळाच्या हॉलमध्ये होती तश्शी. ओसरीवर सुकत ठेवलं. मुरलीधरकाका पाळीवरून आले, ते त्यांच्या नजरेस पडलं. ते काही ओरडले नाहीत, काही विचारलं नाही. मॉडेल उचललं आणि पेटत्या सिगडीवर ठेवून दिलं. मग ते जळेपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहिले. पद्मजा रडत माझ्याकडे आली. "बाबांनी आजवर माझं साधं कागदाचं विमानसुद्धा फाडलं नाही, हेमा. त्या नाटकात आहे तरी काय?"

आणि माझ्याशी बोलता बोलता ती उठून सरळ मागच्या खोलीत गेली. मी धावले तिच्यामागं. काकू तांदूळ निवडत होत्या. पद्मजानं एका दमात सगळं सांगून टाकलं. सर, मॉडेल, सिगडी, आणि शेवटी, "काकू, प्रत तर राहिली नाही. तुम्हाला पाठ आहे म्हणतात. मला तिसरा अंक सांगाल?"

मला वाटलं, आता ताट हातातून पडतं. पण काकूंनी एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "येतो मला तिसरा अंक. पण असा एकटीनं नाही सांगणार. आधी वाचन, मग नाटक निवडायचं. आपल्याकडची रीत माहीत आहे न? ज्याचं जे काम, त्यानंच ते वाचायचं."

"म्हणजे बाबांनी?"

"म्हणजे तुझ्या बाबांनी."

"आणि श्रीकांतकाकांचं?"

"ते कोणी वाचायचं नाही. मी ओळ देईन, आपण थांबायचं."

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, पण तशी नजर नव्हती पाहिली. म्हणाल्या, "पोरींनो, मला सहा वर्षं एकच गोष्ट पाहिजे आहे. ते त्या दिवशी आत होते की नव्हते, हे कोणीतरी एकानं माझ्या समोर उभं राहून तोंडानं म्हणावं. कोणी म्हणत नाही. मी कुंकू लावते तर लोक तोंड फिरवतात, पण पुसू तरी कोणाच्या शब्दावर? जा, मुरलीधरभाऊजींना सांग, विभावहिनीनं रविवारी बोलावलं म्हणून."

मुरलीधरकाकांनी सहा वर्षांत काकूंचं एकही काम टाळलं नव्हतं. हेही त्यांना टाळता आलं नाही. रविवारी दुपारी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मटाराची थैली. पहिल्यांदाच काकूंच्या खोलीत बसले, दाराजवळ, अगदी कडेला. काचांना काळे कागद लागलेले, त्यामुळे भरदुपारी खोलीत अंधारलेलं होतं. आमचे आप्पा गार्डाच्या बापाचं काम वाचणार होते, कारण त्या वेळीही ते त्यांच्याकडेच होतं. पद्मजा बायकोचं वाचणार. मी लिहून घेणार. आई दारात उभी. आणि मधोमध एक पाट मांडलेला, रिकामा. तो कोणी मांडला ते मी विचारलं नाही.

काकू भिंतीशी, सगळ्यांच्या मागे बसल्या. तिथून त्यांचा नुसता आवाज यायचा. त्या ओळ द्यायच्या, ज्याची ती तो मोठ्यानं म्हणायचा, मी लिहायची. श्रीकांतकाकांची ओळ आली की काकू ती देत, आणि आम्ही थांबायचो. पहिल्या अंकात मला जरा हसूच येत होतं, खरं सांगते. आप्पा म्हाताऱ्याच्या आवाजात खोकून वाचत होते. पण दुसऱ्या अंकात ते थांबणं वाढत गेलं. पद्मजा रिकाम्या पाटाकडे बघून विचारायची, "चहा टाकू?" काकू मागून हळूच, "'टाक, आज थंडी आहे.'" आणि मग काहीच नाही, फक्त आम्ही सगळे त्या पाटाकडे बघत. आप्पांनी पाय जवळ ओढून घेतले. मी भिंतीपलीकडून ऐकलेला तो श्वास आता माझ्या हातभर अंतरावर होता. ज्याला पटत नाही त्यानं नको मानू, मी काही कोणाला पटवायला बसले नाही.

मुरलीधरकाकांनी एकदाही वर बघितलं नाही.

तिसरा अंक सुरू झाला. बायको खोलीत, म्हातारा कोपऱ्यात, नवरा आपल्या जागी. दारावर थाप. मित्र येतो. काकूंनी ओळ दिली, "'वहिनी, त्याची वाट बघू नका. मी त्याच्याबरोबर होतो.'"

मुरलीधरकाका बोलले नाहीत.

प्रॉम्प्टर करतो तेच काकूंनी केलं. तीच ओळ पुन्हा दिली, तितक्याच हलक्या आवाजात. आईनं पाण्याचा पेला पुढं केला, तो मुरलीधरकाकांनी हातातच धरून ठेवला. पद्मजा बायकोच्या कामातच होती, ती बापाकडे बघत उभी.

"बरं, ते राहू द्या," काकू मागून म्हणाल्या, आवाज जरासुद्धा न चढवता. "हे घ्या. 'वहिनी, तो माझ्या बिल्ल्यावर आत गेला.'"

मी तेही लिहिलं. लिहून झाल्यावर माझं पेन थांबलं.

माणसाला सवय लागते ती काही सोडत नाही. मुरलीधरकाकांचा जन्म मंडळाच्या नाटकांत गेलेला. विंगेतून ओळ आली की तोंडानं ती म्हणायची, विचार मागून करायचा. ते म्हणाले. चांगल्या मोठ्या, नाटकातल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तो माझ्या बिल्ल्यावर आत गेला."

मग मात्र कोणाला ओळ द्यावी लागली नाही. "माझी पाळी होती, वहिनी. मला पडदा रंगवायचा होता. तो म्हणाला, तू रंगव, मी जातो, डब्याच्या सुट्टीत पाठांतरही होईल. मी हॉलमध्ये होतो. आवाज झाला तसा पळत सुटलो. फाटकाशी बाबू बिल्ल्यांवरून नावं घेऊन राहिला होता, कोण जिता आहे ते बघायला. माझं नाव घेतलं. मी हजर म्हणालो. देवाशपथ, मी फक्त हजर म्हणालो. मी होतोच न समोर. तो पुढच्या नावावर गेला. मग मागं कसं फिरायचं? मग नळाचं सांगितलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तुमचं तोंड बघवेना."

पद्मजा बापापासून लांब जाऊन भिंतीला टेकून बसली.

काकू उठल्या. इतका वेळ त्या नुसता आवाज होत्या, आता समोर आल्या. आणि मग त्या जे बोलल्या ते मंडळाच्या कुठल्याच नाटकात नव्हतं. "सहा वर्षं तुम्ही मला मटार आणून दिले? मटार? माझ्या नवऱ्याला लोक भगोड़ा म्हणत होते, कटनीच्या बाईचं नाव लावत होते, आणि तुम्ही माझा नळ दुरुस्त करत होते? मी रोज संध्याकाळी त्यांना ओळी देत होती, कारण मला वाटे, कुठं जिते असतील तर विसरू नयेत. मेले असतील तर निदान ओळीसाठी थांबलेले असू नयेत. मला तेही कळू दिलं नाही तुम्ही." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि त्या मटकन खाली बसल्या. सहा वर्षांपूर्वीच्या दुपारी रडायला हवं होतं तसं, तोंड उघडून, छाती बडवून रडल्या. आप्पा उठून बाहेर गेले. मला काय करावं सुचेना, मी कागद गोळा करत राहिले.

थोड्या वेळानं काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "डबा खाल्ला होता का त्यांनी?"

"सुट्टी व्हायची होती, वहिनी."

"म्हणजे उपाशीच."

मग आई पुढं झाली. आमच्याकडे दूर गेलेल्या माणसाची बातमी कितीही उशिरा आली, वर्षांनी आली तरी, कळली त्या घटकेला आंघोळ करायची असते. तेव्हापासून मरण. आई मला म्हणाली, "हेमे, बंब पेटव."

मी मागच्या अंगणात जाऊन बंब पेटवला. काडी दोनदा विझली. पाणी कढत झालं. आईनं काकूंना आत नेलं. शेजारच्या बायकांना कसं कळलं कोण जाणे, दोघीतिघी पदर घेऊन अंगणात येऊन उभ्या राहिल्या, माणूस आजच गेल्यासारख्या. काकू बाहेर आल्या तेव्हा केस ओले होते आणि कपाळ मोकळं होतं. इतकी वर्षं ज्या कपाळाकडे बघायला लोक घाबरायचे, त्याच्याकडे आता सगळ्या सरळ बघत होत्या. आणि मला रडू आलं ते तेव्हा.

पद्मजा ओट्यावर बसली होती. म्हणाली, "काकू, मी दुसरं नाटक घेते. हे नाही करत."

"काहून नाही?" काकू म्हणाल्या. "हेच कर. तिसरा अंकच कर, आणि आजची ओळ घाल त्यात. तुझ्या सरांना सांग, नाटक निवडलं. श्रीकांत डबीर पळून गेला नव्हता, एवढं या गावाला कळलं पाहिजे."

पद्मजानं बापाकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं त्याचा अर्थ काय होतो. ती ओळ कॉलेजच्या हॉलमध्ये एकदा उच्चारली गेली की ती कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचणार, आणि मुरलीधरकाकांचं तिथलं सगळं संपणार. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी मान हलवली. कर, म्हणाले.

बायका पांगल्या. मुरलीधरकाका तिथंच उभे राहिले, जा असं कोणी म्हटलं नाही आणि थांबा असंही नाही. मी असते तर त्यांना त्यांच्या मटारासकट हाकलून दिलं असतं, अजूनही देईन. काकूंनी ओले केस पिळले, गाठ मारली, आणि त्यांच्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही त्यांच्या नावाची आंघोळ केली होती?"

मुरलीधरकाकांनी चौकटीवरचा हात काढला.

"कशी करणार? तुम्ही तर हजर होता." काकू दमल्या होत्या, त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "बंबात पाणी आहे. जा, दोन तांबे घेऊन घ्या. तुमचाही दोस्त होता तो."

मला त्यांना पंचा द्यायचा नव्हता. आईनं डोळे वटारले म्हणून दिला. ते आत गेले, कडी लावली. मग आतून तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आला, आणि त्याच्याबरोबर त्यांचं रडणं. काकू बाहेर ओट्यावर बसून राहिल्या, ते निघेपर्यंत.